डोळ्यातली खिडकी

१

काळे फोटो घेऊन येणारी माणसं दारातच ओळखू येतात. आत पाऊल टाकायच्या आधीच ती सबबी सांगायला लागतात. "फ्लॅश पडलाच नाही बघा." "जावयाने काढला, त्याला हौस फार." "काही होत असेल तर बघा, नाहीतर राहू दे." पोराचं प्रगतिपुस्तक दाखवायला आल्यासारखे चेहरे असतात एकेकाचे. धाकटी सगळ्यांना एकच सांगायची, "बसा, बघते."

धाकटी म्हणजे दुकानाची मालकीण. केस पिकायला लागले, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, तरी सगळा रस्ता तिला धाकटीच म्हणायचा, कारण मागच्या खोलीत थोरली बसलेली असायची. पुढच्या खोलीत बाबांपासून चालत आलेलं फोटोचं दुकान, मागच्या खोलीत ताईचं शिलाई मशीन, मधे एक पडदा. आई लवकर गेली, बाबा तिच्या मागोमाग. तेव्हापासून ताईने त्या मागच्या खिडकीपाशी बसून लोकांचे शर्ट, पडदे आणि शाळेचे गणवेश शिवले आणि धाकटीला लहानाचं मोठं केलं. स्वतःचं लग्न, स्वतःची हौसमौज, सगळं तिने कधीतरी शिलाईत दाबून टाकलं. धाकटीला ते ठाऊक होतं आणि ते बोलून दाखवायचं नाही, हेही ठाऊक होतं.

खिडकी सहा तावदानांची. खालचं उजवं तावदान फुटलेलं, त्या जागी पुठ्ठा. "उद्या काच बसवून घेऊ," असं दोघी एकमेकींना वर्षभर सांगत होत्या.

काळा फोटो उजळायचं काम तसं सोपं. कॉम्प्युटरवर एक पट्टी सरकवली की सगळा फोटो उजळतो, दुसरी सरकवली की नुसत्या सावल्या उचलल्या जातात. मग काळ्याचा काळेपणा थोडा परत बसवायचा, नाहीतर माणूस पिठाच्या डब्यात पडल्यासारखा दिसतो. पण बाबा सांगायचे ते खरं होतं. उजेड आपण आणत नाही, कॅमेऱ्याने टिपला असेल तेवढाच ताणतो. फार ताणला की फोटोभर रंगीत दाणे उठतात, अंगावर पुरळ उठावं तसे. आणि बाबांचा दुसरा नियम, काहीही झालं तरी मूळ फोटो पुसायचा नाही. त्याची प्रत करायची आणि प्रतीवर हात चालवायचा.

त्या दिवशी समोरचे घड्याळवाले काका आले. दुकानातून तसेच उठून आले होते. घड्याळ उघडताना डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर तसंच होतं. त्यांनी कुठलीच सबब सांगितली नाही.

"काकूचा आहे गं," ते म्हणाले. "शेवटचा. त्या संध्याकाळी दिवे गेले होते. ती म्हणाली, काढा आता, मी छान बसलेय. मी काढला."

फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर आला आणि धाकटीला वाटलं, पडदाच बंद पडला. खुर्चीच्या हाताची एक कड आणि कपाचा कान, एवढंच होतं. बाकी काळं. चेहरा असायला हवा तिथे तिने बाण नेला. खाली आकडे दिसतात, उजेड किती टिपला गेलाय त्याचे. तिथे शून्य होतं. शून्य म्हणजे अंधुकही नाही, काही नाहीच. हे काकांना कसं सांगावं, असा विचार ती करत होती तेवढ्यात पडदा सारून ताई आली. ताईला शिलाई शिकवली होती ती काकूनेच, फार वाईट दिवसांत, एक पैसा न घेता.

ताईने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "कर ना गं काहीतरी."

"ताई, त्यात काही नाहीये."

"कर तर खरं. मिळू दे तिला थोडा उजेड."

धाकटीने पट्टी सरकवली. काळ्याचं करडं झालं. "आणखी थोडं," ताई म्हणाली. करड्यात काहीतरी गोलसर दिसलं. "आणखी थोडं." ताईचा आवाज अगदी कानाशी येत होता. आणि काकू आली. कपाळ, नाक, हसायच्या बेतात असलेले ओठ. डाव्या गालावर मऊसा उजेड.

काका खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. छापलेला फोटो घेऊन जाताना म्हणाले, "तो काळा पुसून टाक गं. मला तो पुन्हा बघवणार नाही." धाकटी स्वतःच्याच करामतीवर इतकी खूश होती की बाबांचा नियम तिला आठवला तो पुसून झाल्यावर.

२

हुरळून जाण्याचा भर ओसरला तशी एक गोष्ट तिला टोचायला लागली. काकूच्या फोटोत दाणे नव्हते.

पडद्यावर ती चेहरा मोठा करून बघत राहिली. शून्यातून ओढून काढलेला चेहरा, त्यावर दाण्यांचं रान माजायला हवं होतं. इथे कातडी कशी, भर उन्हात काढल्यासारखी स्वच्छ. तिने त्याच पट्ट्या तेवढ्याच सरकवून दुसऱ्या कुणाचा काळा फोटो उजळून पाहिला. दाणेच दाणे. तिसऱ्या फोटोचंही तेच. म्हणजे कॉम्प्युटर ठीक होता. मग तिने स्वतःची समजूत घातली की आकडे वाचायलाच आपली चूक झाली असेल. रडणारा माणूस समोर बसलेला असताना कोण नीट बघतं?

"धाकटे," आतून ताईने हाक मारली, "ही ट्यूब गेली बघ. नवी आण."

धाकटी आत गेली. ट्यूब ठणठणीत होती. शिवाय दुपारचं ऊन खिडकीतून थेट मशीनवर पडलं होतं.

"ताई, डोळे तपासून घे. म्हातारी झालीस."

"म्हातारी होईल तुझी सासू," ताई म्हणाली. धाकटीला सासूच नव्हती, लग्नच नव्हतं, त्यामुळे हा विनोद त्या घरात कधी जुना होत नसे. "सुईत दोरा ओवून दे आधी. आणि ट्यूब आण."

धाकटीने ट्यूब आणली. ताई म्हणाली, हीही तसलीच निघाली.

३

तिला ते दिसलं सकाळी, चहा पिताना. ताई नेहमीसारखी खिडकीशी बसली होती, डावा गाल खिडकीकडे. आणि त्या डाव्या गालावर सावली होती.

धाकटीने कप खाली ठेवला. आयुष्यभर तिने एकच गोष्ट पाहिली होती, चेहऱ्यावर उजेड कुठून पडतो. खिडकीकडची बाजू उजळ आणि खोलीकडची काळोखी, हे तिला झोपेतही कळलं असतं. ताईचा खोलीकडचा गाल स्वच्छ दिसत होता. खिडकीकडचा, उन्हातला, काळवंडलेला होता. मळलेला नाही, आजारी नाही. नुसता तिथे उजेड पोचत नव्हता.

"काय बघतेस?"

"काही नाही. जरा इकडे वळ."

ताई वळली. सावली जागची हलली नाही. ती गालावरच राहिली.

धाकटीने आधी स्वतःवर संशय घेतला, ते शहाणपणाचंच होतं. दिवसभर पडद्याकडे बघणारीचे डोळे काय वाटेल ते दाखवतील. ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. ते म्हणाले, डोळे छान आहेत, काम कमी करा. मग तिने बाबांचं उजेड मोजायचं जुनं मीटर शोधून काढलं. त्याला ना झोप लागत होती ना वय झालं होतं. मशीनवर धरलं, काटा पार टोकाला. ताईच्या खांद्यावर धरलं, टोकाला. "हे काय नवीन?" असं ताई म्हणेपर्यंत तिने ते ताईच्या गालाशी नेलं.

काटा पडला. हात मागे घेतला तसा उठला. पुन्हा नेला, पुन्हा पडला.

"जुनं झालंय," धाकटी म्हणाली.

४

त्यानंतरच्या दिवसांत सावली गालावरून कपाळावर गेली, हनुवटीवर उतरली. ताईला आरशात ती दिसत नसे. तिला एवढंच वाटे की दिवस लहान झालेत. "हल्ली लवकर अंधारतं, नाही का गं?" असं ती भर दुपारी विचारायची. टाके वाकडे पडायला लागले. ज्या बाईने डोळे झाकून बटणं लावली होती, तिच्या बोटांना सुया टोचायला लागल्या.

एकदा शाळेतल्या बाई गणवेश न्यायला आल्या. पडदा सारून आत डोकावल्या आणि धाकटीकडे वळून म्हणाल्या, "ताई नाहीत का? मग मी नंतर येते."

ताई त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसली होती. "अहो, ही काय मी," ती हसत म्हणाली, तशा बाई एवढ्या दचकल्या की त्यांच्या हातातली पिशवी पडली. गणवेश न घेताच त्या निघून गेल्या. ताई हसायची थांबली. त्या दिवशी तिने मशीनवर लवकर कापड टाकलं.

दुसऱ्या दिवशी काका आले. फ्रेमसाठी खिळा हवा होता, असं काहीतरी निमित्त. मन भरून बोलायला आले होते.

"अगं, गंमत सांगू? काल भिंग लावून बघत बसलो होतो तिच्या फोटोकडे. वेडा म्हणशील मला. तिच्या डोळ्यात खिडकी दिसते बारीकशी. आता आमच्या त्या भिंतीला कुठे आहे खिडकी? तिच्यासमोर तर कपाट होतं."

ते गेल्यावर धाकटीने खुर्ची कॉम्प्युटरपाशी ओढली. हे तिने आधीच बघायला हवं होतं. चेहऱ्यावर उजेड कुठून आला, हे डोळ्याला विचारायचं असतं. बुबुळावर जो पांढरा ठिपका चमकतो, त्यात उजेडाचं मूळ उमटलेलं असतं, दिवा असेल तर दिवा, दार असेल तर दार. हे कुठलाही फोटोवाला पहिल्या वर्षात शिकतो.

तिने फोटो उघडला. डोळा मोठा केला. आणखी मोठा केला. ठिपक्याची चौकट झाली, चौकटीत सहा खण झाले. पाच पांढरे. खालचा डावा खण काळा. आरशात दिसतं तसं उलटं दिसतंय, म्हणजे खरा तो उजवा. पुठ्ठा.

चौकटीच्या पुढे मशीनचं चाक होतं. चाकाच्या वर वाकलेलं एक डोकं.

पडद्याआड ताईचं मशीन चाललं होतं. थांबत, अडखळत.

५

तिने पट्ट्या उलट्या फिरवल्या. काकूचा चेहरा तिच्या पडद्यावर काळा झाला, पण ताईच्या गालावर ढिम्म फरक पडला नाही. मूळ फोटो असता तर काही करता आलं असतं का, कोण जाणे. तो नव्हताच. राहता राहिली काकांकडची फ्रेम. तिला स्वतःचा विचार वेडगळ वाटत होता, आणि तरी तिचे पाय रस्ता ओलांडून गेलेच.

काकांचं घर त्यांच्या दुकानाच्या मागे. खिडक्यांचे पडदे ओढलेले, दिवा बंद. तरी काका खुर्चीत बसून पेपर वाचत होते. धाकटीला क्षणभर कळेना की ते वाचतायत कशाच्या उजेडात. मग कळलं, तशी ती दारातच थांबली.

फ्रेम त्यांच्या मागे, कपाटावर टेकवून ठेवली होती. काकू आता हसत होती. हसायच्या बेतात नव्हे, हसत होती.

"ये ना," काका म्हणाले. "दिवा लावत नाही मी हल्ली. काय गरज?"

"काका, तो फोटो मला परत द्याल? थोडं काम राहिलंय त्यात."

काकांनी पेपराची घडी घातली. फार सावकाश घातली. मग उठले आणि फ्रेम छातीशी धरली. खोली एकदम काळोखली. नुसता त्यांच्या शर्टाच्या बटणांपाशी उजेड राहिला.

"आधी ती दुसरीकडेच बघायची," ते म्हणाले. "आता माझ्याकडे बघते. मागू नकोस पोरी."

"माझ्या ताईला काहीतरी होतंय काका."

"ऐकलंय मी." तो आवाज वाईट माणसाचा नव्हता. "तुझ्या जागी मी असतो तर मीही असाच मागायला आलो असतो. आणि माझ्या जागी तू असतीस, तर दिला असतास?"

खोटं बोलायला धाकटीची जीभ वळली नाही, आणि खरं बोलायची हिंमत नव्हती. घरी येताना तिला काकांचा राग येत होता आणि राग येतोय याची लाजही वाटत होती.

६

दुपार होती. ताई खिडकीत बसली होती, हात मांडीवर. मशीन बंद. उन्हात भिंत दिसत होती, मशीनचं चाक चमकत होतं, ताईचे हात दिसत होते. मानेच्या वर काही दिसत नव्हतं.

"धाकटे," त्या काळोखातून ताईचा आवाज आला, "मला भीती वाटतेय गं."

ताईने हे वाक्य आजवर कधी उच्चारलं नव्हतं. बाबा गेले त्या दिवशीही नाही.

"हलू नकोस," धाकटी म्हणाली. "तुझा एक फोटो काढते."

"माझा? या अवतारात?"

"गप्प बस आणि खिडकीकडे बघ."

फोटो तिने पडद्यावर आणला. खोली लख्ख, आणि मधोमध एक काळा गोळा. बाण नेला. शून्य. तिने प्रत केली, मूळ फोटो बाजूला ठेवला, यावेळी नियमाप्रमाणे. मग तिला आठवलं, त्या दिवशी आपण नुसत्या पट्ट्या सरकवत होतो. मागणारी वेगळीच होती. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, कानाशी.

तिने पट्टी धरली. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी म्हणायला लाज वाटली.

"आणखी थोडं," ती म्हणाली.

काळ्याचं करडं झालं. कपाळ आलं. ताईची ती भुवईवरची जुनी खूण आली. "आणखी थोडं." डोळे आले. दाणा एकही नव्हता.

"अगं!" पडद्याआडून ताई ओरडली. "ऊन पडलं वाटतं! हे बघ, सुईत दोरा गेला माझा, चष्म्याशिवाय!"

मग धाकटीने एक गोष्ट केली, जी न करता तिला राहवलंच नसतं. ताईचा डोळा मोठा केला.

ताई खिडकीकडे बघत होती. डोळ्यात खिडकी दिसायला हवी होती. तिथे होता पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर, त्याच्यापुढे खुर्ची. आणि खुर्चीत, माणूस असायला हवं तिथे, हवेत अडकवल्यासारखा एक चष्मा.

तिने पट्टीवरच्या स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या टोकांपाशी सावली पडली होती. त्यांच्यावर दिवा होता, बरोबर वर.

मूळ फोटो अजून होता. पट्ट्या मागे नेल्या असत्या तर कदाचित सगळं होतं तसं झालं असतं. ताईची हनुवटी अजून काळीच होती, अर्धंच काम झालं होतं. पडद्याआड मशीन सुरू झालं, भरधाव, पूर्वीसारखं, आणि त्याच्याबरोबर ताईचं गुणगुणणंही. कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती ती.

धाकटी ऐकत राहिली. मग तिने मूळ फोटो पुसून टाकला.

"आणखी थोडं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आणखी थोडं."

७

मशीन थांबलं. कपबशा वाजल्या. पडदा सारून ताई आली, दोन्ही हातांत चहा. तिचा चेहरा इतका उजळ होता की प्रत्येक सुरकुती मोजता आली असती. धाकटीला तो फार सुंदर वाटला.

ताईने खोलीभर नजर फिरवली. ती खुर्चीवरून गेली आणि दाराकडे वळली.

"बघा आता. दुकान उघडं टाकून गेली कुठे ही बया?"

"इथेच आहे की," धाकटी म्हणाली.

ताईच्या हातातला चहा बशीत सांडला. तिने कप टेबलावर ठेवले. भिंतीवरचं बटण बंद करून पाहिलं, पुन्हा चालू केलं, वर ट्यूबकडे बघितलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिचाच चेहरा मोठा होऊन हसत होता. तो तिने पाहिला, आणि मग खुर्चीकडे बघत ती हळूच म्हणाली, "धाकटे, काय केलंस तू?"

ताईने हात पुढे केला आणि चाचपडत, पाऊल अंदाजाने टाकत, खुर्चीच्या दिशेने आली. बाहेर टळटळीत दुपार होती.